निळ्या तिकिटांच्या बिजागऱ्या

संपादकांचं पत्र आलं. हुसेनभाई, जन्मभर जुन्नरात वह्या-दप्तरं बांधलीत, त्यातलं काहीतरी आमच्या दिवाळीच्या अंकाला लिहून द्या. आता काय लिहायचं, सांगा! बांधणाऱ्याचं काम दुसऱ्यानं लिहिलेलं शिवायचं. सुई धरायला सांगा, आत्ता धरतो. टाक हातात घेतल्यापासून मी तीनदा उठून दारात जाऊन आलोय आणि अजून पाच ओळी झालेल्या नाहीत. बायको म्हणाली, “बसा की एका जागंवर, काय पाय भाजत्यात काय?” बसवत असतं तर आणखी काय पाहिजे होतं!

गमतीची गिऱ्हाइकं सांगा असंही पत्रात आहे. तीही होती. एक वैद्यबुवा पोथी बांधायला द्यायचे आणि तीन दिवस समोर मांडी घालून बसायचे, मी कुठं चामडं तर वापरत नाही ना, ते बघायला. जेवायला उठले की पोथी बगलेत घेऊन उठायचे. नारायणगावच्या एका नवरदेवानं कोऱ्या कागदाची, सोनेरी अक्षरांची, मखमली पुठ्ठ्याची वही बांधून घेतली. बायकोला रोज एक ओळ लिहिणार होता. सात वर्षांनी तीच वही कोपरे झिजले म्हणून दुरुस्तीला आली, आत एक अक्षर नव्हतं. मी कोपरे लावून दिले. कचेरीतल्या कारकुनांबद्दल न लिहिलेलंच बरं, त्यातले काही अजून जिवंत आहेत.

पण हे सगळं मी इकडंतिकडं करतोय. लिहायला बसल्यावर डोक्यात एकच वही येते, आणि ती आली की मी उठून दारात जातो. तेव्हा तीच सांगून टाकतो.

नव्या बादशहाचं तोंड असलेली तिकिटं नुकती टपालात आली होती, तेव्हाची गोष्ट. मी तिशीचा असेन. घोडेगावला एक पेन्शनर पोस्टमास्तर राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांच्या बायकोला माई. नानांनी उभी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या टपालात काढलेली. बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यांना तिकिटं जमवायचा नाद होता. तीसेक वर्षांची तिकिटं बिस्किटाच्या दोन डब्यांत भरून ठेवली होती, आणि आता त्यांना ती एका चांगल्या वहीत लावून हवी होती. दसऱ्याला लोक शस्त्रं पूजतात, वह्या पूजतात. नानांना ही वही चौरंगावर मांडायची होती, गावानं ओटीवर यावं आणि बघावं. घाईचं कारण म्हणजे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिकीट नाकाला लावलं तरी त्यांना नुसता धूसर ठिपका दिसायचा, आणि तोही मिटायच्या आत वही व्हायला हवी होती.

मी त्यांच्या ओटीच्या टोकाला बसून काम करायचो. माझं पाणी वेगळ्या तांब्यात यायचं, आणि माझ्या हातची वही मात्र पूजेला बसणार होती. तेव्हा याचं कुणाला हसू येत नव्हतं. मलाही नाही. आता येतं.

तिकीट वहीत लावतात कसं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. सगळ्यांना वाटतं, पाठीला डिंक फासला की झालं. तसं केलं तर तिकीट मेलंच समजा, पुन्हा निघत नाही आणि पाठ बघता येत नाही. म्हणून बिजागरी लावायची. नखाएवढी पातळ कागदाची पट्टी घ्यायची, ती वरून एक तृतीयांशावर दुमडायची. आखूड भाग तिकिटाच्या पाठीला, वरच्या कडेच्या जरा खाली. लांब भाग वहीच्या पानाला. मग तिकीट दारासारखं उघडतं, मिटतं, आणि उद्या काढायचं झालं तर पट्टी सोलून निघते. कागद जाड झाला तर तिकिटाला पोक येतं, फार पातळ झाला तर फाटतो. सगळी करामत कागद आणि चिकटवण निवडण्यात आहे.

नानांनी मुंबईहून एका पाकिटात तयार बिजागऱ्या मागवल्या होत्या. विलायती, पारदर्शक, मागं डिंक लावलेला. “या जिभेनं ओल्या करायच्या आणि लावायच्या,” नाना म्हणाले.

“जिभेनं?” माई आतून बाहेर आल्या. “म्हणजे उष्टी तिकिटं दसऱ्याला पूजेत ठेवायची?”

“अगं, ओला बोळा लावला तरी चालतं.”

“आणि तो डिंक कशाचा? हाडांचा सरस तर नसेल?”

नानांनी माझ्याकडं तोंड केलं. मी म्हटलं, “इलायतेत कशाचा करत्यात, ते मला काय ठावं, माई. असंलही.”

“मग नकोच ते,” माई म्हणाल्या आणि विषय मिटला. पाकीट फडताळात गेलं.

मला आतून बरंच वाटलं. आमच्या जुन्नरात कागदी मोहल्ला आहे. माझा मेहुणा करीम तिथं कागद करायचा. गिरणीचा कागद आल्यापासून त्यांच्या हौदांना शेवाळ चढत चाललं होतं. मी करीमला म्हटलं, “मला लई पातळ कागद पायजे. कांद्याच्या पापुद्र्यावानी. घोटायचा न्हाई, गुळगुळीत केला तर खळ धरत न्हाई.” त्यानं चार वेळा काढून फेकला आणि पाचव्यांदा जो दिला तो आजही माझ्या बोटांना आठवतो. उजेडाला धरला तर पलीकडचं बोट दिसायचं, आणि ओढला तर फाटायचा नाही. विलायती पट्टीच्या तोंडात मारेल असा कागद! नानांनी बोटात चोळून पाहिला आणि म्हणाले, “हुसेन, हाच.” दोन शब्द म्हणजे त्यांच्या मानानं भाषणच झालं. मी त्या दिवशी घोडेगावहून जुन्नरपर्यंत चालत आलो ते जमिनीवरून आलो की नाही, कोण जाणे.

चिकटवायला अर्थात खळ. कणीक भिजवून, गाळून, मंद आचेवर शिजवायची. आणि खळ म्हटली की तिच्यात चिमूटभर मोरचूद. निळे खडे असतात, विषारी. ते नसलं तर कसर, झुरळं खळीवर तुटून पडतात आणि दोन पावसाळ्यांत पुस्तकाची चाळण होते. माझ्या बापानं घातलं, त्याच्या बापानं घातलं. आमटीत मीठ घालताना कुणी विचार करतं का? तसं मीही घातलं.

वैशाखात वही पुरी झाली. तीनशेवर तिकिटं. त्यातली राणीची अर्ध्या आण्याची निळी एक्केचाळीस होती, ती नानांनी वेगळ्या पुडीत, एकाखाली एक क्रम लावून दिली होती. “निळ्यांना जप,” एवढंच म्हणाले. जुनी आहेत, किमती असतील, असं मी समजलो. विचारलं नाही. त्यांच्यासाठी चार पानं वेगळी केली आणि प्रत्येक तिकिटाला तांबड्या शाईची चौकट काढली.

भाद्रपदात घोडेगावचा एक गाडीवान दुकानात आला. “माईंचा सांगावा हाय. म्हणल्या, हुसेनभायला म्हणावं, वही बघून जा.”

“का? काय झालं?”

“त्ये न्हाई सांगितलं. पण लगोलग या म्हणल्या.”

त्या क्षणापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शिवत होतो ते तसंच टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चालायला लागलो. चिखल, ओढे, पायाला जळवा. सात कोसांत सात हजार कारणं मनात आली. वाळवी असेल, पाणी गळलं असेल, शिवण सुटली असेल. जे होतं ते सोडून सगळं आलं.

नाना घरी नव्हते. पुतण्यानं त्यांना डोळे करायला पुण्याच्या इस्पितळात नेलं होतं. माईंनी पावसाची उघडीप बघून वही उन्हाला काढली होती. त्यांनी निळ्यांचं पान माझ्यापुढं उघडलं.

तांबडी, तपकिरी, जांभळी तिकिटं ठीक होती. निळी मात्र गेली होती. जिथं जिथं मागं बिजागरी होती तिथून रंग उडून राखेसारखा झाला होता आणि कडेला हिरवट ओघळ. एकूण एक, एक्केचाळीसही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मोरचूद, दमट हवा आणि तो जुना निळा रंग, यांचं आपसात काहीतरी झालं. पण झालं ते माझ्या चिमटीनं झालं, एवढं मला बघताक्षणी कळलं.

“माझ्यामुळं झालं, माई,” मी म्हटलं. “खळीत मोरचूद घातलं व्हतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

माई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “ते डोळे करून घ्यायला तयारच नव्हते, हुसेनभाई. भ्यायचे. शेवटी म्हणाले, वही बघायला मिळेल म्हणून जातो. आल्या आल्या पहिलं हेच उघडतील. आता काय करायचं?”

“किती दिवस हायत?”

“दसऱ्याच्या आधी दोन दिवस आणणार आहेत.”

तीन आठवडे होते. माझ्या डोक्यात जे आलं ते बांधणाऱ्याच्या डोक्यात येणारंच होतं. दप्तरातलं पान कुजलं की आम्ही ते काढतो आणि तसंच दुसरं चांगलं पान बसवतो. राणीची निळी तिकिटं काय एका नानांकडंच होती? मी माईंना म्हटलं, “तुमी काळजी करू नका. मी बदलून देतो. त्यांना कळायचं न्हाई.”

माई हळूच म्हणाल्या, “बघा, जमत असेल तर.”

ते तीन आठवडे मी माणसात नव्हतो. दुकान नावाला उघडायचो. जुन्नरच्या पेठेत ज्याच्याकडं जुन्या पत्रांची गाठोडी आहेत अशा प्रत्येक व्यापाऱ्याकडं गेलो. “न्या की, हुसेनभाय,” ते म्हणायचे, “मेलेल्या चिठ्ठ्या हायत, आमाला काय करायच्यात?” माळ्यावरच्या धुळीत बसून शेकड्यांनी पाकिटं चाळली. ओतूरला गेलो, मंचरला गेलो. निळं दिसलं की पाकीट उजेडाला न्यायचो. आणि मी निवडत होतो बरं का! ज्याच्यावर टपालाचा काळा शिक्का फासलेला असेल ते मी बाजूला टाकायचो. शिक्का नुसता कोपऱ्याला शिवलेला, राणीचं तोंड स्वच्छ, रंग तकतकीत, अशीच तिकिटं घ्यायचो. नानांची होती त्यापेक्षा सरस द्यायची, असा हट्टच धरला होता मी. एक्केचाळीस पुरी झाली तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो. एवढा मोठा गुन्हा करून वर शाबासकीची वाट बघत होतो, दुसरं काय!

घोडेगावला जाऊन जुन्या बिजागऱ्या ओल्या टीपकागदानं सोडवल्या. नवी खळ कणीक आणि पाण्याची, बाकी काही नाही. नवी तिकिटं त्याच तांबड्या चौकटींत बसवली. पान असं दिसायला लागलं की माई म्हणाल्या, “अगंबाई!”

काढलेली तिकिटं ताटलीत होती. माई म्हणाल्या, “घरात नकोत. त्यांच्या हाताला लागली तर सगळं उघडं पडेल.” परसात पाणी तापवायचा चुला पेटलेला होता. मी ताटली घेऊन तिकडं गेलो आणि त्यात ओतली. भुर्रकन गेली. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही.

दसऱ्याला माईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. नाना ओटीवर बसले होते, डोळ्यांवर हा एवढा जाड भिंगांचा चष्मा. मला बघून म्हणाले, “हुसेन, तुझ्या मिशीत पांढरे केस आहेत. मला कुणी सांगितलंच नाही.” मी हसलो. अजून वही उघडली नव्हती. मी आल्याशिवाय उघडायची नाही असं त्यांनीच ठरवलं होतं.

माईंनी वहीला हळदकुंकू वाहिलं. नानांनी पहिलं पान उघडलं. एकेक तिकीट नखानं उचलायचे, मागं बघायचे, सोडायचे. “कागद सुंदर आहे,” म्हणाले. “मुंबईवाल्यांना दाखवला पाहिजे.” करीमला सांगायचं, असं मी मनात धरलं. पानं उलटत उलटत निळ्यांवर आले.

आधी ते वाकले. मग चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि पुन्हा वाकले. बोट पहिल्या चौकटीवर, दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्याला शिवलेल्या शिक्क्यावर.

“हे ओतूरचं आहे,” नाना म्हणाले. “हे मंचरचं. हे तर जुन्नर. माझी कुठं आहेत?”

माईंनी पदर तोंडाला लावला. मग मीच सांगितलं. खळ, मोरचूद, पेठेतली गाठोडी, सगळं. शेवटी म्हटलं, “तुमच्यापरीस चांगली घातलीत, नाना. रंग बघा. एकावर सुदिक शिक्का न्हाई नीट.”

“शिक्का नाही,” नाना म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याकडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं. पहिली सहा वर्षं ते तळेघरच्या बाजूला टपालाचं काम बघायचे. अंगावर धड कोट नाही, खायला नाचणी, पावसाळ्यात चार-चार महिने दुसरं शिकलेलं माणूस दिसायचं नाही. डोंगरातली माणसं मुंबईच्या गोदीत गेलेली. घरच्यांना लिहिता येत नव्हतं. ती नानांना मजकूर सांगायची, नाना पत्र लिहायचे, तिकीट लावायचे आणि स्वतःच्या हातानं शिक्का मारायचे. पुढं बदल्या झाल्या तरी ती पत्रं त्यांच्या मनातून जाईनात. मुंबईला, पुण्याला गेले की ज्याला पत्र गेलं त्याला शोधून पाकीट मागून आणायचे. तीस वर्षांत एक्केचाळीस मिळाली.

“राणीचं तोंड मला काय करायचंय, हुसेन?” ते म्हणाले. “रंग गेला तर गेला. मी आंधळाच होतो, मला कुठं रंग दिसत होता? शिक्का काळा होता ना? तो राहिला होता ना?”

राहिला होता. काळ्या शाईला काही झालं नव्हतं. राखेच्या रंगावर तो उलट जास्त ठसठशीत दिसत होता.

“मग आणा ती,” नाना म्हणाले. “तशीच लावू.”

माई रडत म्हणाल्या, “चुल्यात घातली हो.” मी म्हटलं, “मी घातली.”

नाना ओरडले असते, मला ओटीवरून हाकललं असतं, तर मी वाट धरून गेलो असतो आणि कदाचित विसरलोही असतो. त्यांनी वही नुसती पुढ्यात ओढून घेतली. लोक यायला लागले होते, त्यांना माईंनी दारातूनच सोनं देऊन वाटे लावलं. मग नाना म्हणाले, “ही काढ सगळी. ज्याची त्याला परत कर. बिजागऱ्या राहू देत.”

मी काढली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून पान फाटायची भीती वाटली.

“आता दौत घे,” ते म्हणाले. “मी सांगतो तसं चौकटीत लिही.”

ते डोळे मिटून सांगायला लागले, मी लिहायला लागलो. पहिलं, धोंडूच्या आईचं, माझगावला, श्रावणातलं. म्हैस व्याली म्हणून. दुसरं, सखूचं, नवऱ्याला, मार्गशीर्षातलं. ये म्हणून. तिसरंही तिचंच, तेच. त्यांना गाव आठवत होतं, माणूस आठवत होतं, महिना आठवत होता. मी मान खाली घालून लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, आठवू दे, या माणसाला सगळं आठवू दे, म्हणजे माझं थोडं तरी कमी होईल. तीस झाली. तेहेतीस झाली. मला वाटायला लागलं की निभावतंय.

चौतिसाव्या चौकटीला नाना थांबले. कपाळाला हात लावला, बोटं मोजली, पुटपुटले. “हे बाळूचं. बाप गेल्याचं त्याला मीच लिहून कळवलं होतं. महिना...” पुन्हा थांबले. माई म्हणाल्या, “राहू द्या हो, पुढचं सांगा.” त्यांनी मान हलवली. महिना येईना, साल येईना. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. अगदी सरळ विचारलं, कारण त्यांना खरोखरच वाटलं की मला ठाऊक असेल.

“हुसेन, तुझ्या हातात होतं ना रे ते? शिक्क्यावर तारीख काय होती?”

हातात होतं. दोनदा होतं. लावताना आणि काढताना. इंग्रजी आकडे मला तेव्हाही वाचता येत होते. मी ते तिकीट उजेडाला धरून, फिरवून, निरखून पाहिलं होतं, आणि नुसता रंग पाहिला होता.